साहेब उभे असताना

कारखान्याच्या फाटकासमोर सभा झाली, त्या दिवसापासून आमदारसाहेब माझ्या पाठीशी उभे आहेत. मी वळले की तेही वळतात, त्यामुळे दिसत मात्र नाहीत. अत्तराचा वास येतो, मानेवर श्वास लागतो आणि त्यांचा कडक इस्त्रीचा सदरा कागदासारखा वाजतो.

आमचा कारखाना नळाच्या तोट्यांचा. मी पॅकिंगला आहे. कायम नोकरीतल्या बायकांना तिथे स्टूल मिळतं, आम्ही कंत्राटी बायका अख्खी पाळी उभ्या. काम तेच, तोटी तीच, खोकंही तेच. माझ्या पोटऱ्यांच्या शिरा सुतळीसारख्या वर आल्यात. दवाखान्यातल्या बाई म्हणाल्या, आता बसून करायचं काम बघा, नाहीतर पाय कामातून जातील. म्हणून मला कायम व्हायचं होतं. क्रांतीबिंती माझ्या डोक्यात नव्हती. मला फक्त बसायचं होतं.

सभेत साहेब रोजगारावर बोलले, पगारावर बोलले, कामगारांच्या हक्कांवर तर घसा बसेपर्यंत बोलले. शेवटी म्हणाले, "मी तुमच्या पाठीशी खंबीरपणे उभा आहे!" आम्ही टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबल्या तेव्हा व्यासपीठ रिकामं होतं आणि ते प्रत्येकीच्या मागे उभे होते. वाटून वगैरे नाही, प्रत्येकीच्या मागे पूर्णच्या पूर्ण.

सुरुवातीला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? सुपरवायझर आवाज चढवेना. पाण्याला गेले तर घड्याळाकडे बघेना. शेजारणी वाकून वाकून नमस्कार करायच्या. नमस्कार मला नव्हता, पण वाटेत मीच होते.

घरी येऊन पाटावर टेकणार, तोच सासूबाई खेकसल्या, "अगं, सायेब उभे हायती आन् तू बसतीस? काय रीतभात?"

त्यांचंही खरं होतं. मोठं माणूस उभं असताना आपण बसत नाही, हे लहानपणापासून हाडात मुरलेलं. मी उठले. घरातली एकुलती एक खुर्ची पदराने पुसली आणि माझ्या मागे सरकवली.

"बसा ना, साहेब."

"मी उभा आहे."

"ते कळलं. पण जरा वेळ टेका."

"बसलो तर शब्द फिरवल्यासारखं होईल. आपण शब्दाचे पक्के आहोत."

तेव्हापासून मी बसलेली नाही. जेवते उभ्याने, झोपते भिंतीला कपाळ टेकून. आमचे हे आधी कुरकुरले, मग त्यांनी सवय करून घेतली. सवय करून घेण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही.

एकदा तोट्या भरता भरता मी विचारलंच, "साहेब, आमच्या पगाराचं काय?"

"त्याबाबत माझी भूमिका स्पष्ट आहे."

"काय आहे?"

"स्पष्ट आहे."

"आन् स्टुलाचं?"

"सर्व घटकांना विश्वासात घेऊन निर्णय होईल. तुम्ही माझे हात बळकट करा."

असं म्हणून त्यांनी दोन्ही हात माझ्या खांद्यांवर ठेवले. पहिल्या दिवशी ते मऊ होते, एखाद्या बाळंतिणीचे असावेत तसे. मग ते बळकट होऊ लागले. पाळी संपायची तेव्हा बोटं आणखी जाड झालेली असायची. माझे हात त्याच हिशेबाने वाळत गेले. आधी जी खोकी मी एका हाताने लोटायची, ती आता छातीने ढकलावी लागत होती.

माझ्या पलीकडे द्वारकाबाई काम करायच्या. आमच्यात सगळ्यांत जुन्या. एका दुपारी त्यांनी रिकामा क्रेट पालथा घातला आणि सरळ बसल्या. त्यांचे साहेब काही बोलले नाहीत. बोललो आम्हीच.

"द्वारकाबाई, उठा की! साहेब उभे हायत."

"असू देत," त्या म्हणाल्या. "त्यांचे पाय, त्यांनी बघावं."

मला त्यांचा इतका राग आला की सांगता येत नाही. आणि इतका हेवा.

दुसऱ्या दिवशी त्यांना ब्रेक मिळाला. ब्रेक म्हणजे घरी बसायचं, बोलावलं तर यायचं. म्हणजे शेवटी त्यांना बसायला मिळालंच. त्यांची जागा रिकामी झाली, पण तिच्या पाठीशी साहेब अजून उभे आहेत, दोन्ही हात हवेत, खांद्यांच्या उंचीवर. झाडूवाली त्यांच्या बाजूबाजूने झाडते.

मी घाबरले. पाय थरथरायला लागले की ओठ चावायची. पडले तरी बसल्यातच धरतील, असं वाटायचं.

मग मॅनेजरने मला केबिनमध्ये बोलावलं. तो फिरत्या खुर्चीत आरामात बसला होता आणि त्याच्या पाठीशी आमदारसाहेब उभे होते. सभेनंतर त्यांचा चेहरा मला तिथे पहिल्यांदा समोरासमोर दिसला. ओळखीचं हसले. माझ्या मानेवर श्वास लागतच होता.

"साहेब उभे आहेत," मी मॅनेजरला हळूच सांगितलं.

"हो ना," तो म्हणाला. बसूनच राहिला. त्याच्या घरी ही रीत नसावी.

मग त्याने पेढा पुढे केला. "अभिनंदन, शालनबाई. तुम्हाला कायम केलं."

मला रडू फुटलं. पेढा हातातच राहिला. "स्टूल कधी मिळेल?"

"स्टुलाच्या जागा भरल्या. तुमची उभी जागा आहे, ती कायम केलीय."

"साहेब," मी म्हणाले, "काहीतरी बोला ना."

दोन्हीकडचे साहेब एकदम बोलले, "हा कामगारांचा विजय आहे."

मी खात्यात परतले तर माझ्या जागेभोवतीची फरशी उखडलेली होती आणि एक गवंडी घमेल्यात सिमेंटचा माल कालवत होता. माणूस भला वाटला. त्याने मला चपला काढायला लावल्या, पाय जुळवून घेतले आणि थापीने माल लावायला सुरुवात केली. तो घोट्यापर्यंत आला तेव्हा दुखऱ्या शिरांना गार वाटलं. त्याचं मला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याची लाज वाटली.

"हलू नका, बाई. धरायला येळ लागतो," तो म्हणाला. मग मान वर करून माझ्या मागे बघत अदबीने म्हणाला, "सायेब, जरा पाय उचलता का? माल लागंल."

साहेबांनी माझे खांदे घट्ट धरले आणि दोन्ही पाय उचलले.