मागे कोण उभं राहणार

युमा गावातली ऑगस्टमधली सकाळ, उन्हामुळे घराबाहेर पाऊल टाकायची सोय नव्हती. स्वयंपाकघरात मेबेथ टटल कॉम्प्युटरपुढे बसून फेब्रुवारीतल्या सहलीची जागा धरायच्या खटपटीत होती. जोशुआ ट्रीच्या वाळवंटातल्या कॅम्पच्या जागा सहा महिने आधी खुल्या होतात आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच संपतात. तिचा नवरा ओरिन शेजारी बसून डाव्या हाताने ओटमील खात होता. उजवा हात मांडीवर पडून होता. वसंतात अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून तो तसाच होता.

डॉक्टरांनी गाडी चालवायला बंदी केली तेव्हा ओरिनला वाटलं, संपल्या सहली. पण जिला त्याने जन्मात कधी आरव्हीच्या, म्हणजे त्यांच्या चाकांवरच्या घराच्या, स्टिअरिंगला हात लावू दिला नव्हता, ती मेबेथ चर्चच्या रिकाम्या पार्किंगमध्ये जाऊन ते घराएवढं धूड चालवायला शिकली. चांगली शिकली, हे ओरिनला जास्त झोंबलं.

"सरळ आत शिरून सरळ बाहेर पडता येईल अशी जागा घे," तो म्हणाला. "रिव्हर्सची भानगड नको."

"बघते."

भानगड काय असते ते दोघांनाही चांगलं ठाऊक होतं. खडकांमधल्या फटीत आरव्ही उलटी घालायची तर एकाने गाडी चालवायची आणि दुसऱ्याने मागे उभं राहून हातांनी खुणा करायच्या. कॅम्पवर संध्याकाळी याच्यासारखी दुसरी करमणूक नाही. लोक घडीच्या खुर्च्या टाकून, बिअर उघडून बघत बसतात. खुणा करायची ती मेबेथ आणि खिडकीतून ओरडायचा तो ओरिन. "अगं डावीकडे, अक्कल कुठे गहाण टाकलीस?" "पुढच्या वेळी कुत्र्याला उभं करतो, त्याला तरी कळेल." लोक हसले की या गृहस्थाला आणखी चेव यायचा. मग बाकीचे शेकोटीभोवती बसत, आणि मेबेथ आत घासलेलीच भांडी पुन्हा घासत राही. ओरिनच्या मते ती सगळी गंमत होती. नवरा-बायकोत एवढं चालायचंच.

जागा खुल्या झाल्या. सरळ शिरायची एक जागा पडद्यावर मोकळी दिसत होती. मेबेथचा हात तिच्यावरून पुढे सरकला आणि शौचालयासमोरच्या जागेवर थांबला. तिथे दोन्ही बाजूंना खडक होते आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण तिथूनच जाणार होता.

"ही नको, मेबेथ. ही उलटी घालावी लागते."

"घालीन की. तू फक्त खुणा कर."

"माझा हात वर होत नाही."

"डावा होतो. खातोयस ना त्याने?"

"लोक हसतील गं."

"हसतात थोडं. त्याने माणूस मरत नाही."

ती हे अगदी साध्या आवाजात बोलली, आणि ओरिनला सगळं उमगलं. ही आजची गोष्ट नव्हती. चर्चच्या पार्किंगमध्ये ती पहिल्यांदा गेली त्या दिवशीच हे ठरलेलं होतं. वाकडं तोंड, लोंबता हात घेऊन आपण त्या खुर्च्यांपुढे उभे आहोत, असं त्याला दिसलं. त्याने चमचा खाली ठेवला.

"माझं चुकलं, मेबेथ," तो म्हणाला. झटक्यानंतर पहिला शब्द काढतानाही त्याला एवढे कष्ट पडले नव्हते. "चारचौघांत तुला वाटेल ते बोललो. फार वाईट वागलो मी. माफ कर मला." त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते खोटं नव्हतं.

मेबेथने वळून त्याच्याकडे नीट पाहिलं. त्याच्या हनुवटीवर ओघळलेलं ओटमील तिने रुमालाने हलकेच टिपलं. सुटलो, असं ओरिनला वाटलं.

"हे तिथे बोल," ती म्हणाली. "मागे उभा राहून, मोठ्याने. ऐकायला माणसं असतील."

आणि तिने जागा पक्की केली.