पुलावर मेलेला हेर

डॉक्टरीणबाईंनी पेनाचं टोपण काढलं आणि लहान पोराशी बोलावं तसं विचारलं, "आजोबा, अलीकडे काय वाचलंत?"

तात्या खुर्चीत सावरून बसले. जन्मभर हेरांच्या कादंबऱ्या वाचलेला माणूस. आंधळा मागतो एक डोळा, तसं झालं. त्यांनी एका गाजलेल्या कादंबरीचं नाव सांगितलं.

"त्यावर सिनेमा आहे की. मी पाहिलाय. सांगा बरं, शेवटी काय होतं?"

तात्यांचा मुलगा भिंतीला टेकून उभा होता. माई, म्हणजे तात्यांची बायको, पर्स मांडीवर घेऊन बसली होती. डॉक्टरीणबाईंच्या पुढ्यातला कागद भरला की ठरणार होतं, तात्या घरी राहणार की विसरभोळ्या म्हाताऱ्यांच्या त्या केंद्रात. महिन्यात दोनदा गॅस चालू राहिला होता. एकदा तात्यांकडून. दुसऱ्यांदा माईकडून, पण नाव तात्यांचं पडलं आणि माईने पडू दिलं.

"तो पूल ओलांडून घरी पोचतो," तात्या म्हणाले. "बायको दार उघडते. तिनेच त्याला शत्रूला विकलेलं असतं. उंबऱ्यात उभ्या उभ्या त्याला ते कळतं."

डॉक्टरीणबाई मुलाकडे बघून हसल्या. "आजोबा, तो तर पुलावरच गोळी लागून मरतो. आणि त्याला बायको कुठे आहे?"

"ते सिनेमात. सिनेमावाल्यांनी बायको काढूनच टाकली. पुस्तकात आहे."

पेन कागदावर चालू लागलं. तात्यांनी मान वळवली.

"अगं, तू सांग ना यांना."

माईने पर्सची कडी उघडली, लावली. लग्नाच्या पहिल्या वर्षी तिने तात्यांच्या कपाटातली एक कादंबरी हातात घेतली होती, तर त्यांनी पहिल्याच पानावर पेन्सिलीने फितुराचं नाव लिहून ठेवलं. 'तुझ्या डोक्याला ताप नको.' पाहुण्यांत हा किस्सा बेचाळीस वर्षं चालला, आणि दर वेळी माई हसून चहा ओतत राहिली. थेटरात पडद्यापेक्षा तात्यांचंच तोंड जास्त चाले. मग ती दुपारी वाचायला लागली, ते घोरत असताना. एकूण एक कादंबरी. हूं की चूं नाही.

"मी कुठली पुस्तकं वाचतेय," माई म्हणाली. "सिनेमा पाहिलाय यांच्यासोबत. मेलाच की तो पुलावर." तिने रुमाल नाकाला लावला. "बेचाळीस वर्षं संसार केला हो. बायकोने विकलं, हे यांच्या डोक्यात कुठून आलं, देव जाणे."

घरी आल्यावर तात्यांनी बूटही न काढता कपाट उपसलं.

"इथेच होतं. निळ्या पाठीचं."

"कुठलं हो?" माईने विचारलं. पुस्तक तिच्या अंथरुणाच्या घडीत होतं.

"बाबा, बास झालं आता," मुलगा म्हणाला, आणि खाली गाडी काढायला गेला. केंद्रात खाट आजच रिकामी होती.

तात्या पलंगाच्या कडेला बसले. समोर उघडी बॅग.

"मलाच वाटलं असेल तसं," ते म्हणाले. "बायको नसेलच त्यात. आता बघ ना, दार उघडून ती त्याला काय म्हणते, तेच आठवत नाही. आठवायला हवं होतं, असती तर."

माई स्वेटरची बाही सरळ करत होती.

"'किती उशीर केलात, जेवण गार झालं,' असं म्हणते," ती म्हणाली.

तात्यांनी हळूहळू मान वर केली. डोळे अगदी लख्ख होते, एकही गोष्ट न विसरलेल्या माणसाचे.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

खालून मुलाने हॉर्न वाजवला. माईने स्वेटर त्यांच्या डोक्यावर धरला.

"हात वर करा," ती म्हणाली.