टिप्सताईचे बाबा

"नवे बूट घालून येऊ नका," मी स्टेजवरून सांगत होते. "पायाला फोड आले की तुम्ही गेम बघत नाही, बसायला जागा बघता." लोक हसले. समोर बसलेल्या निम्म्या मंडळींच्या पायात नवे कोरे बूट होते, हसतील नाहीतर काय करतील! मीही हसले आणि सवयीने पहिल्या रांगेतल्या कडेच्या खुर्चीकडे पाहिलं. खुर्ची रिकामी होती.

त्या खुर्चीवर माझे बाबा होते. पाण्याची बाटली जवळ ठेवा, हे सांगेपर्यंत तरी नक्की होते, कारण तेव्हा त्यांनी आपली बाटली उचलून मला दाखवली होती.

मला लोक टिप्सताई म्हणतात. वर्षातून एकदा भरणाऱ्या या अवाढव्य गेमिंग कन्व्हेन्शनला पहिल्यांदा येणाऱ्यांनी काय करावं आणि कुठला मूर्खपणा करू नये, हे मी व्हिडिओ करून सांगते. चाळिशी उलटलेली बाई गेम खेळते याचं जगाला कौतुक आहे, फक्त माझ्या दादाला नाही. यंदा आयोजकांनी मला चक्क स्टेज दिलं होतं. आणि नेमकी बाबांना सांभाळणाऱ्या मावशींना आदल्या दिवशी ताप आला. दादा येतो म्हणाला, आणि सकाळी फोन करून म्हणतो कसा, "अगं, माझी मीटिंग आहे. तू कार्यक्रम रद्द कर ना." रद्द कर! बोलायला याचं काय जातंय? मी बाबांना इस्त्रीचा शर्ट घातला आणि बरोबर घेऊन आले.

बाबांनी जन्मभर घरोघर फिरून विजेचे मीटर वाचले. आता आकडे गेले, रस्ते गेले. आई गेली, हेही कधीकधी विसरतात आणि तिच्यासाठी जेवायला थांबतात. दादाला ते "साहेब" म्हणतात. एक मीच काय ती उरले आहे. सकाळी चहा घेऊन गेले की म्हणतात, "आली का ठमी?" बस, त्या एका वाक्यावर माझा अख्खा दिवस निघतो. डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलं होतं: ओळखीची जागा, ओळखीची माणसं, गर्दी नको. जबर घाबरले तर आहे तेवढीही ओळख जाईल, आणि गेलेली परत येईलच असं नाही. हे सगळं मला पाठ होतं. तरी नेलं.

मी माईक तसाच टेबलावर टाकला आणि खाली उडी मारली. मागे कोणीतरी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, हाही कार्यक्रमाचाच भाग.

आधी स्वच्छतागृह पाहिलं. पुरुषांच्या दारात उभी राहून मी "बाबा, बाबा" अशा हाका मारल्या. आतून गेममधल्या पात्राचं सोंग घेतलेला, चिलखत घातलेला एक योद्धा ओले हात झटकत बाहेर आला आणि म्हणाला, "आत कोणी नाही हो काकू, मीच आहे." मग मधल्या चौकातल्या ड्रॅगनच्या मोठ्या पुतळ्यापाशी धावले. आत शिरल्या शिरल्या भेटायची एक जागा ठरवून घ्या, ही माझी सगळ्यात गाजलेली टीप. बाबांनाही सांगितली होती. "चुकामूक झाली तर इथे यायचं हं." त्यांनी शहाण्या मुलासारखी मान डोलावली होती. अगं बाई, जो माणूस स्वतःच्या घरातलं मोरीचं दार शोधतो, तो ड्रॅगन लक्षात ठेवणार आहे का? ड्रॅगनखाली शंभर माणसं फोटो काढत होती. बाबा नव्हते.

चौकशीच्या टेबलावरचा माणूस शांत होता. इतका शांत की त्याला गदागदा हलवावंसं वाटलं.

"हरवलेल्या मुलाचं वय?"

"मुलगा नाही हो, वडील हरवलेत माझे!"

"मग त्यांना फोन करा ना मॅडम."

"फोन वापरता येत नाही त्यांना. आठवत नाही काही. नावसुद्धा सांगतील की नाही, देवाला ठाऊक."

तेव्हा कुठे त्याचा चेहरा जरा बदलला. त्याने लाउडस्पीकरवरून सांगितलं, पण त्याच वेळी शेजारच्या हॉलमध्ये स्पर्धेचा अंतिम सामना चालू होता. तिथे तोफा धडाडत होत्या आणि हजारो पोरं किंचाळत होती. बाबांचं नाव त्या गदारोळात कुठल्या कुठे गेलं. "गळ्यात पास असेल ना त्यांच्या?" त्याने विचारलं. "पासवर तुमचा नंबर लिहिलाय? मग कोणीतरी वाचेल आणि करेल फोन. काळजी करू नका."

नंबर लिहिला होता. चांगला ठळक, मार्करने. पण गर्दीत पासची दोरी अडकते, पास पडतो, चोरीला जातो, म्हणून पास नेहमी शर्टाच्या आत ठेवा. ही टीप कोणाची? माझीच! सकाळी दारात उभं राहून मी स्वतःच्या हाताने तो पास बाबांच्या शर्टात सारला होता आणि वर बटण लावलं होतं. म्हणजे बाबा आता साऱ्या जगाला दिसत होते आणि ते कोणाचे, हे कोणालाच दिसत नव्हतं.

मग मी भिंती धरून फिरले. बाबा अनोळखी जागी गेले की अजून भिंतीवर मीटर शोधतात, सापडला तर डोळे बारीक करून आकडे पुटपुटतात. म्हणून स्टॉलच्या मागे, पडद्यांच्या आड, जाड वायरींच्या जंजाळात जिथे जिथे विजेची पेटी दिसली तिथे तिथे मी गेले. एका वायरमनने मला हटकलं. मी त्याच्यावरच ओरडले, मग त्याची माफी मागितली, मग रडले. तो बिचारा हातात पक्कड घेऊन नुसता उभा राहिला. बाहेर पडण्याचे दरवाजे सताड उघडे होते आणि पलीकडे मोठा रस्ता होता. आयुष्यभर दिवसदिवस चाललेले पाय आहेत ते, थकणार नाहीत. तो रस्ता डोळ्यांसमोरून हलेना.

दादाला फोन लागता लागेना. शेवटी लागला.

"हरवले म्हणजे काय?" तो ओरडला. "तुला सांगितलं होतं मी!"

"तू काय सांगतोस मला? तू यायचा होतास!"

"निघतो मी," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज फुटला. दादाला रडताना मी आईच्या वेळीही ऐकलं नव्हतं.

मी येईल त्याच्यासमोर फोनवरचा बाबांचा फोटो धरायला लागले. "यांना पाहिलंत का? पांढरा शर्ट, जाड चष्मा." निळ्या केसांचा टोप घातलेली एक मुलगी थांबली. पाठीला लाकडी तलवार, गालावर रंगाची जखम.

"अय्या, टिप्सताई ना तुम्ही?" ती म्हणाली. "ही शोधमोहीम आहे का? पहिला क्लू काय आहे?"

"कसला क्लू, बाळा? वडील आहेत माझे."

"भारी! अगदी खरं वाटतंय," ती मैत्रिणीला म्हणाली. "शोधलं तर काय मिळणार?"

एक सणसणीत वाजवावी असं वाटलं मला. या लोकांचं असंच असतं. इथे कोपऱ्या-कोपऱ्यावर कोणीतरी खोटं खोटं रडत असतं, खोटा राजपुत्र हरवलेला असतो, आणि खरं रडणारं माणूसही त्यांना खेळातलंच वाटतं. मी तोंड उघडलं होतं, चांगलं झापायला. आणि मग तिच्या डोळ्यांकडे पाहिलं. काय चमकत होते! ही पोरगी बक्षिसासाठी हा सगळा पसारा पालथा घालेल, असं वाटलं. चौकशीवाल्या त्या थंड माणसाने जे केलं नसतं ते ही करेल.

"मिळेल," मी म्हटलं. "मोठं बक्षीस मिळेल. शोध तू."

आणि तिथेच उभ्या उभ्या मी माझ्या चॅनेलवर बाबांचा फोटो टाकला. "टिप्सताईची शोधमोहीम! मीटरवाले आजोबा याच इमारतीत कुठेतरी आहेत. शोधा आणि बक्षीस जिंका." खाली नियम लिहिला: सापडले की लांब उभे राहा, मला कळवा, त्यांच्या जवळ जाऊ नका. मला काय वाटलं कोण जाणे. आधी नियम वाचा, नियम वाचा म्हणून मी वर्षानुवर्षं कंठशोष करतेय, तेव्हा कोणी वाचले होते का?

बघता बघता हॉलची हवा पालटली. माणसं धावायला लागली. मुखवटे, शेपट्या, पंख, सगळे खुर्च्यांखाली वाकून बघत होते. कोणीतरी एका भलत्याच म्हाताऱ्या गृहस्थांना धरून आणलं. ते बिचारे नातवाबरोबर आले होते आणि भयंकर चिडले होते. मी हात जोडले. फोन सारखा वाजत होता.

मग पलीकडच्या टोकाकडून आरोळी उठली. "सापडले! सापडले!"

मी धावले. गर्दी इतकी की कोपरांनी वाट काढावी लागली. पुढे सगळे हात वर करून नाचत होते, फोनवर गेम जिंकल्यावरची धून वाजत होती, आणि फ्लॅशमागून फ्लॅश पडत होते. त्या सगळ्यांच्या मधे, भिंतीला पाठ लावून, माझे बाबा उभे होते. दोन्ही हातांनी त्यांनी छातीशी एक पाटी घट्ट धरली होती. एक राक्षसाचा मुखवटा त्यांच्या खांद्याला खांदा लावून फोटो काढत होता.

"मारू नका हो," बाबा म्हणत होते. "मी फक्त मीटर बघायला आलोय. लगेच जातो."

"बंद करा!" मी किंचाळले. असा आवाज माझ्या गळ्यातून याआधी कधी निघाला नव्हता. "बंद करा सगळं! खेळ नाहीये हा! माझे वडील आहेत ते!"

धून थांबली. निळ्या टोपाची मुलगी माझ्याकडे बघतच राहिली, मग तिने हळूच टोप काढून हातात घेतला. राक्षसानेही मुखवटा वर केला. आत घामेजलेला, गोंडस चेहऱ्याचा एक पोरगा होता. "सॉरी," तो म्हणाला. सगळे मागे सरले.

पिवळ्या टीशर्टातली एक स्वयंसेविका रडवेली होऊन माझ्याजवळ आली. तिनेच मला सांगितलं. इथे रांगेतल्या शेवटच्या माणसाने "रांग इथे संपते" अशी पाटी धरायची असते, आणि मागे नवा माणूस आला की ती त्याच्या हातात द्यायची असते. बाबा मघाशी नुसते इकडेतिकडे बघत उभे होते. तिने विचारलं, "आजोबा, रांगेत आहात का?" ते हो म्हणाले. हल्ली ते सगळ्यालाच हो म्हणतात. पाटी हातात आली, आणि मग त्यांनी ती कोणाला दिलीच नाही. "मीही म्हटलं, राहू दे," ती म्हणाली. "इतकी सरळ रांग लावली त्यांनी! येईल त्याला, इकडून या, घाई नको, म्हणत होते. माझं सकाळपासून कोणी ऐकत नव्हतं, त्यांचं सगळे ऐकत होते. खूप खूश होते हो काकू. अगदी आत्तापर्यंत."

अगदी आत्तापर्यंत. म्हणजे मी त्यांच्यावर ही फौज सोडेपर्यंत.

मी सावकाश त्यांच्यापुढे गेले. "बाबा," मी म्हटलं. "मी आहे. ठमी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. जाड भिंगांमागचे डोळे माझ्या चेहऱ्यावरून फिरले, कुठे थांबले नाहीत. मग त्यांनी हात जोडायचा प्रयत्न केला, पण पाटीमुळे जोडता येईनात.

"बाई," ते म्हणाले, "यांना सांगा ना हो जरा, मला जाऊ द्या म्हणावं."

बाई. तुम्ही. उभ्या जन्मात मला त्यांनी कधी अहो-जाहो केलं नव्हतं. मला ओरडावंसं वाटलं, त्यांना गच्च मिठी मारावीशी वाटली, पण मी हात पुढे केला तसे ते भिंतीला आणखी चिकटले. मी हात मागे घेतला. मग मी भिंतीच्या कडेने त्यांच्या पलीकडे जाऊन उभी राहिले, रांगेत शेवटच्या माणसामागे उभं राहतात तशी.

हळूहळू बाकीचेही आपापल्या जागी गेले. रांग पुन्हा लागली. बाबा भिंतीपासून जरा पुढे आले. त्यांनी वळून मला नीट पाहिलं, थोडा वेळ विचार केला, आणि पाटी माझ्या हातात दिली.

"धरा आता तुम्ही," ते म्हणाले. "सरळ धरायची. एकट्याच आलात?"

"नाही," मी म्हटलं. "वडील आहेत बरोबर."

"कुठायत?"

"गर्दीत... सुटले माझ्याकडून."

"अरेरे! असं करू नये बाई. म्हातारं माणूस घाबरतं. हात धरून ठेवायचा असतो त्यांचा." मग माझा चेहरा पाहून ते हळवे झाले. त्यांनी खिशातून रुमाल काढून मला दिला. "रडू नका. सापडतील. हे बघा, माझी मुलगी येणारच आहे मला न्यायला. ती आली की सांगतो तिला. ती शोधून देईल तुमचे वडील. फार हुशार आहे माझी पोर."

"बरं," मी म्हटलं. "मग थांबू आपण."

रांग पुढे सरकली, आणि आम्ही दोघंही थोडे पुढे गेलो.