बँकेच्या मॅडमसाठी सजवलेलं दुकान

लोहाऱ्यात लग्नाचा मंडप म्हटलं की आमचे अप्पा. पण लॉकडाऊन लागला, लग्नं घरातल्या घरात उरकू लागली आणि आमचा टेम्पो दारात उभा तो उभाच. टेम्पो बँकेच्या कर्जाचा. करोनानं धंदा बसलाय हे बँकेला पटलं तर मुदत वाढणार, हप्ते लहान होणार. नाहीतर टेम्पो ओढून नेणार. धंद्याची हालत बघायला आज बँकेच्या वर्षाराणी मॅडम येणार होत्या.

अप्पा त्यांना आणायला स्टँडवर गेले आणि मला राहवेना. नुकतीच मी ऑनलाइन वक्तृत्व स्पर्धेत तालुक्यात पहिली आले होते, अंगात नुसतं वारं! बँकेची बाई दारात येतीय आणि मंडपवाल्याचंच दुकान उघडंबोडकं? थप्पीतले वरचे चांगले पडदे सोडले, झालरी लावल्या, नवरा-नवरीच्या सोनेरी खुर्च्या पुढं मांडल्या, दिव्यांच्या माळा पेटवल्या.

समोरच्या किराणावाल्या उमाबाई ओरडल्या, "शिवांजली, तुझंच लगीन हाय का गं?"

मॅडम आल्या आणि थबकल्याच. "जोरात चाललंय की तुमचं!"

"मग! तालुक्यात एक नंबर," मी भाषणाच्या आवाजात म्हणाले. "दिवाळीनंतर एक तारीख रिकामी न्हाय!"

"अस्सं? मग हप्ते कशाला कमी करायचे, अप्पा?"

धंदा कसाय विचारलं की 'महादेवाची कृपा हाय' एवढंच अप्पा म्हणायचे. दुकानाच्या दारात धंदा बसला म्हणायची आमच्यात रीतच न्हाय. आणि आता लेकीनं एवढं सांगितल्यावर बोलणार काय? माझे कान तापले.

शेवटी ते आत गेले, थप्पीच्या तळातला एक पडदा ओढून बाहेर आणला. उंदरांनी त्याची चाळण केली होती.

"पोरीला कौतुक हाय, म्हणून बोलली," अप्पा म्हणाले. "खरं म्हणजे एक ऑर्डर न्हाय, मॅडम. खालचा सगळा माल असाच हाय."

उमाबाईंच्या दुकानातली गिऱ्हाइकं बाहेर येऊन ऐकत होती. माळा अजून लुकलुकतच होत्या. त्या बंद करायलाही माझा पाय उचलेना.

मॅडमनी मोबाइल काढला. "हप्ते कमी करायचे तर बँकेला फोटो लागेल. उजेडात धरा, रस्त्यावर."

पडदा लांबलचक, अप्पांना एकट्याला पेलेना. मी दुसरं टोक धरलं.

"भोकं नीट येईनात. वर घ्या अजून."

मी टाचा उचलून हात ताणले. भोकांतून समोरची सगळी माणसं दिसत होती. अप्पा मोबाइलकडं बघत होते. माझ्याकडं त्यांनी एकदाही बघितलं न्हाय.