शालीखालचा कॉम्प्युटर

मी कॉम्प्युटर बोलतोय. टेबलावर मावणारा, पत्र्याचा, सांगलीत जन्मलेला. आता पोटात माझं असं काही उरलेलं नाही, तरी बोलायचं राहून गेलंय.

माझा जन्मच मारातला. साल एकोणीसशे एकोणऐंशी. रेडिओ दुरुस्त करणाऱ्या केरबा मिस्त्रीनं माझं काळीज मुंबईहून आणलं, पण अंग इथंच घडवलं. पत्रा ऐरणीवर टाकून ठोकला, वाकवला, छिन्नीनं पाठीला फटी पाडल्या. "ह्यातनं वारं घे गड्या," म्हणाला. एक छोटा पंखाही त्यानं पाठीशी धरून बघितला.

मला घ्यायला हळदीचे आडते आप्पासो आले. किंमत ऐकून ते खाली बसले.

"ह्यात बैलजोडी येती की. आन ती शेणबी देती."

"बैल हिशेब करतोय व्हय, आप्पासो?"

"पंखा काढ. त्येचं कमी कर. दुकानात वर पंखा फिरतोयच, त्योच लागंल ह्येला."

केरबानं डोकं खाजवलं. "मग वरचा पंखा बंद करायचा न्हाई. आन पाठीच्या फटी झाकायच्या न्हाईत. लय तापतंय ह्ये."

आप्पासोंनी मान हलवली. पंखा केरबाच्या खणात राहिला आणि मी तसाच दुकानात आलो.

त्या घरात अडलेल्या वस्तूला मारायची रीत होती. रेडिओ खरखरला की थापड, तराजू अडला की लाथ. मी उत्तराला उशीर केला की आप्पासोंचे चिरंजीव नानासो माझ्या कुशीत गुद्दा घालायचे. त्यांची बायको शालू, पलूसची, सातवी शिकलेली. तिलाही तेच. एकदा चहा निवला म्हणून कपबशी तिच्या कपाळावर फुटली.

ती दुकान झाडायला यायची तेव्हा कोरड्या फडक्यानं माझ्या फटींतली हळदीची पूड काढायची. मग पत्र्यावर पालथा हात ठेवायची, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. तिचं पोर अजून रांगतही नव्हतं. ते झोळीत निजलं की दहा वेळा त्याच्या नाकाशी बोट धरून बघायची, श्वास चाललाय ना म्हणून.

खंडेनवमी आली. दुकानात पूजा मांडली. कोयता, कुऱ्हाड, तराजू आणि मधोमध मी. पुजलेल्या हत्याराला त्या दिवशी हात लावायचा नाही. पण मला बंदही करता येईना. बंद केलं की मी सगळं विसरतो, आणि आदल्या दिवशीची वजनं कागदावर उतरवायची राहिली होती. म्हणून मी चालूच. माझ्यावर मानाची शाल घातली, फटींत झेंडू खोचले. आणि समई विझू नये म्हणून आप्पासोंनी वरचा पंखा बंद केला.

दुकान आज रिकामं, म्हणून पोराची झोळी माझ्या शेजारीच टांगली होती. शालू नैवेद्य घेऊन आली आणि थबकली.

"आवं, करपट वास येतोय. त्ये तापलंय. शाल काडा की."

"पुजल्याला हात लावायचा न्हाई," नानासो म्हणाले.

"मग पंखा तरी लावा. पोर हाय हितं."

"समई इझंल. सातवीत ह्येच शिकवलं व्हय गं?"

तिनं शालीकडं हात नेला. नानासोंची थापड अशी बसली की ताट फरशीवर घरंगळलं. "जा. पुरण ढवळ जा."

ती गेली. बापलेक बाहेर ओट्यावर पान खायला बसले. आत माझं तांब्याचं वेटोळं लाल झालं. मला ओरडायला तोंड नव्हतं. शालीला धूर आला, मग जाळ. जाळानं शालीचं टोक सोडून झोळीचा काठ धरला.

पोर किंचाळलं. शालू धावत आली. झोळीचं तोंड पोराच्या वजनानं मिटलेलं, वरची गाठ घट्ट बसलेली. तिनं पूजेतला कोयता उचलला. एका घावात दोर तुटला, पोर तिच्या काखेत. दुसरा घाव माझ्या वायरीवर, तिसरा माझ्या कुशीत. पत्रा उभा फाटला. मला राग आला नाही. जन्मात पहिल्यांदा पोटात वारं शिरलं.

आप्पासो दारात आले. "खंडेनवमीला हत्याराला हात?" त्यांनी हात उगारला.

"मामंजी, आज हात उगारू नगा," शालू म्हणाली. आवाज थरथरत होता, कोयता नव्हता. "हत्यार अजून माज्या हातात हाय."

हात हवेतच राहिला, मग खाली आला. नानासोंनी घागर ओतून जाळ विझवला. पोराच्या तळपायाला फोड आले, पण पोर वाचलं. त्याला घेऊन शालू दुसऱ्याच दिवशी माहेरी पलूसला गेली. मला नानासोंनी लाथेनं अंगणात ढकललं. तिथनं केरबानं उचलून आणलं.

दिवाळीनंतर आप्पासो केरबाकडं आले. "नवा कर एक."

"आन पंखा?"

आप्पासोंनी माझ्या फाटलेल्या कुशीकडं बघितलं. "घाल. सुनेला सांगावा धाडलाता, पंखा बसवतोय, परत ये म्हणून."

"काय म्हणाली?"

आप्पासोंनी माझ्या फाटक्या पत्र्यावरनं बोट फिरवलं. "म्हणाली, पंख्याचं ऱ्हाऊ द्या. आदी हाताचं बोला."

केरबानं खण उघडून पंखा काढला, फुंकर मारून त्यावरची धूळ उडवली. "पंखा मी बसवीन, आप्पासो. त्ये दुसरं तुमी बगा."

आता माझ्या पोटात केरबा खिळे ठेवतो. तुमच्या घरी माझा कुणी भाऊबंद आला, तर मानाची शाल नका घालू त्याला. झोळी लांब बांधा. आणि घरातली बाई तापलंय म्हणाली, तर नुसता हात लावून बघा. मारायला नाही, बघायला.