फोनवरचा तिसरा

काजूच्या बिया अंगणात पसरून मनस्वी हात धुवत होती, तोच पोलीस चौकीतून बोलावणं आलं. गावाच्या सड्यावर, गुरं चरतात त्या जमिनीवर, सरकारी प्रकल्प यायचा होता आणि त्याला हरकत घेणाऱ्या बायकांत ती पुढे होती. चार प्रश्न विचारतील नि सोडतील, असं सासूला, मथुराबाईंना, सांगून ती निघाली.

साहेबांनी तिला खुर्ची दिली, चहा मागवला. मुंबईला नोकरीत असलेल्या विनोदची, तिच्या नवऱ्याची, चौकशी केली. मग काळजीच्या सुरात म्हणाले, "मनाच्या डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत ना अजून? मग सभांची दगदग कशाला? उद्या लोकांना कळलं, तर तुमचं बोलणं कोण मनावर घेईल?"

मनस्वीने हातातला कप खाली ठेवला. वडील गेल्यापासून तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. बाजाराचं निमित्त सांगून ती रत्नागिरीला उपचाराला जाई. डॉक्टरांशिवाय हे फक्त विनोदला ठाऊक होतं, तेही फोनवर सांगितलेलं. तुम्हाला कुणी सांगितलं, असं तिने विचारलं, तेव्हा साहेब नुसते हसले.

घरी आल्यावर तिने सासूला एवढंच सांगितलं, की पोलीस आपले फोन ऐकतात. मथुराबाई शांतपणे म्हणाल्या, "ऐकेनात का. आपण काय चोरी केलीय?"

गावातही जो तो हेच म्हणाला. पण हे कळल्यापासून विनोद बदलला. पूर्वी तासभर बोलणारा माणूस आता 'जेवलीस का, बरं, ठेवतो' एवढ्यावर आला. नवराबायकोच्या बोलण्यात कुणी तिसरा येऊन बसला होता, आणि त्याला 'ऊठ' म्हणायची सोय नव्हती. चौकीत वाटली होती ती भीती. आता तिला संताप आला.

ग्रामसभेच्या दिवशी शाळेची पडवी भरली होती. बंदोबस्ताला साहेबही दाराशी उभे होते. मनस्वी उठली.

"मी मनाच्या डॉक्टरांकडे जाते. गोळ्या घेते. हे मी माझ्या नवऱ्याला सांगितलं होतं, आणि ते साहेबांनी मला ऐकवलं. आता तुम्हीही ऐकलंत, म्हणजे त्यांच्याकडे धाक घालायला काही उरलं नाही. तुम्ही म्हणता, चोरी केली नाही तर भ्यायचं कशाला. चोरी केली नाही म्हणून न्हाणीघराचं दार उघडं टाकतो का आपण?"

माझा फोन कुणाच्या हुकमाने ऐकला, याचं लेखी उत्तर मागणारा ठराव तिने मांडला. सरपंच दाराशी उभ्या साहेबांकडे बघत राहिले. तेव्हा मथुराबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. सुनेने आपल्यापासून लपवलं, याचं दुःख त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. तरी पहिला हात त्यांनीच वर केला. मग हरकत घेणाऱ्या बायकांतल्या हौसाने केला, मग गोदाने. हळूहळू पडवीभर हात वर झाले.

उत्तर अजून आलेलं नाही. जमिनीचंही काही ठरलेलं नाही. आता रत्नागिरीला जाताना मथुराबाई तिच्यासोबत असतात. आणि विनोद अजूनही फोनवर अडखळला, की मनस्वी त्याला म्हणते, "तुम्ही माझ्याशी बोला. लाज ऐकणाऱ्याला वाटू दे."