माझ्या टाकीतलं टॉनिक

मित्रांनो, मी एक जुना फवारणी पंप आहे. राळेगावजवळ विठ्ठलरावांच्या गोठ्यात एका खुंटीवर माझा मुक्काम असतो. वीस वर्षं मी त्यांच्या पाठीवर शेत हिंडलो. "माहा पंप कधी धोका देत नाही," असं ते गावभर सांगायचे. मग बॅटरीवाला पंप आला आणि मला विश्रांती मिळाली. तो दिवसभर घूं घूं करतो, करू दे बापडा. मला दरवर्षी पोळ्याआधी खाली काढतात आणि माझ्यातून गोठ्याच्या भिंतींवर गाळलेला चुना फवारतात. तेवढ्यावर मी खूश आहे.

एक गोष्ट मात्र मला सहा वर्षं सलत होती. त्या वर्षी पिकाच्या वाढीचं टॉनिक झाकणभर टाकायचं तिथे विठ्ठलरावांनी माझ्यात तीन झाकणं ओतली. कपाशीची पऱ्हाटी खांद्याला लागली. शेजारचे पुंडलिकराव रोज दोन शेतांमधल्या धुऱ्यावरून बघायचे. त्यांना आपली कमरेएवढी पऱ्हाटी रोगट वाटू लागली आणि एका सकाळी त्यांनी चांगल्या उभ्या पिकावर वखर फिरवला. विठ्ठलराव समोरच होते, पण टॉनिकचं नाव त्यांनी काढलं नाही. पुढे आमच्या पात्या, म्हणजे बोंडाच्या कळ्या, गळल्या, उरला नुसता पाला. पुंडलिकरावांचं मोडलेलं पीक काही परत आलं नाही.

यंदा विठ्ठलरावांचा नयन बारावीला आहे. डॉक्टरकीच्या परीक्षेसाठी तो राळेगावला क्लासला जातो. पुंडलिकरावांची खुशीही तिथेच. दोघं गोठ्यापुढच्या कडुलिंबाखाली अभ्यास करायचे. खुशी नेहमी पहिली यायची आणि नयनचं फिजिक्समधलं अडलेलं गणितही तीच सोडवून द्यायची.

एके दिवशी नयनने गोळ्यांचं पाकीट प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून माझ्या रिकाम्या टाकीत लपवलं. क्लासमधल्या एका मुलाला डॉक्टरांनी त्याच्या लक्ष न लागण्याच्या आजारासाठी दिलेल्या त्या गोळ्या होत्या. नयनला कसलाच आजार नव्हता. रोज एक गोळी घेऊन तो तासन्‌तास पुस्तकातून मान वर काढायचा नाही. घरची भाकरी तशीच राहायची. क्लासच्या तीन परीक्षांत तो ओळीने पहिला आला. खुशी लिंबाखाली येईनाशी झाली.

पोळा चार दिवसांवर आला तेव्हा पुंडलिकराव गोठ्याशी आले. चेहरा उतरलेला. "इठ्ठल, पोरगी क्लास सोडतो म्हणते. मले म्हणते, माह्यात डोकंच नाही, नयनसारखं मले कधी जमनार नाही."

ते गेल्यावर विठ्ठलरावांनी चुन्यासाठी मला खाली काढलं, टाकी उघडली आणि पाकीट त्यांच्या हाती लागलं.

"हे काय व्हय, नयन?"

"डोक्याचं टॉनिक हाये, बाबा. म्या कॉपी थोडीच केली? अभ्यास तं मीच केला ना."

विठ्ठलराव माझ्याशेजारी खाली बसले आणि त्यांनी सहा वर्षांपूर्वीची ती गोष्ट पहिल्यांदा कुणाला तरी सांगितली. मग विचारलं, "खुशीले मालूम हाये का, तू काय घेऊन राह्यला ते?"

नयन पाकीट उचलून पुंडलिकरावांच्या घराकडे निघाला. विठ्ठलराव त्याच्या मागोमाग गेले. मला फार बरं वाटलं.

तिकडे काय बोलणं झालं ते मला कळलं नाही. दोन दिवस खुशी फिरकली नाही. तिसऱ्या दिवशी वही घेऊन आली आणि फणकाऱ्याने म्हणाली, "हे गणित येते का तुले, बिनागोळीचं?" नयनला ते आलं नाही. तिने समजावून दिलं. पुढच्या परीक्षेत खुशी पुन्हा पहिली आली आणि नयन नववा. त्या दिवशी तो तीन भाकरी जेवला.

पण त्या परीक्षेआधी, पोळ्याच्या आदल्या दिवशी, पुंडलिकराव मला मागायला आले होते. त्यांच्याही गोठ्याला चुना मारायचा होता. टाकीत वाकून बघत ते म्हणाले, "इठ्ठल, आता आत काही लपोलं तं नाही ना?" विठ्ठलराव आधी ओशाळले, मग दोघंही हसले.

मित्रांनो, काम झालं की माझ्यासारख्या पंपाला धुऊन, वाळवून ठेवत जा. आणि तुमचं पीक बघून धुऱ्यापलीकडचा आपल्या पिकावर वखर फिरवायला निघाला, तर तुम्ही काय फवारलं ते त्याला आधी सांगा.